चिखलातूनच चला

पन्हाळगड ते पावनखिंड ही सुमारे पन्नास किलोमीटरची वाट दर पावसाळ्यात हजारो माणसं चालतात. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज याच मुलखातून विशाळगडाकडे गेले, आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे शत्रूला अडवून उभे राहिले. त्या रात्रीची आठवण अंगावर पाऊस घेत जागवावी, यात फार मोठं काही आहे असं मी मानतो. म्हणूनच हे लिहितो आहे.

या पायी मोहिमेची तिथी इतिहासाने ठरवली. पण नेमक्या त्याच दिवसांत कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडीच्या शिवारात भाताची रोपलावण चाललेली असते. वाट खाचरांच्या कडेने जाते, कित्येकदा थेट बांधावरून. हा बांध हातभर रुंदीचा, नुकताच ओल्या मातीने लिंपलेला. शंभरजण गेले की त्याची कड ढासळते, वरच्या खाचरातलं पाणी खाली धावतं आणि जाताना माती आणि कोवळी रोपंही घेऊन जातं.

एका वाडीखाली मी पायवाटेवरचं डबकं चुकवून बांधावर चढलो. आत लावणी करणारी एक मावशी कमरेतून ताठ झाली, हातात रोपाची मूठ तशीच. म्हणाली, ‘‘दादा, पाण्यातनं चाला की. पाय धुतल्यावर स्वच्छ होतील. बांध आज सकाळीच घातलाय.’’ आवाजात राग नव्हता. मी खाली उतरलो. घोटाभर चिखल, एवढंच होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. प्लॅस्टिक टाकू नये, ओढ्याच्या वरच्या अंगाला शौचाला बसू नये, वाडीतून जाताना स्पीकर लावू नये, हे आता बहुतेकांना कळतं. बूट भिजू नयेत म्हणून आपण वाट सोडतो, त्यात काही चुकलं असं मात्र कुणालाच वाटत नाही. एकजण बाजूने जातो, मागचा त्याच्याही बाजूने, आणि दोन फुटांची पायवाट बघता बघता गाडीरस्त्याएवढी होते. वाटेतल्या मसाई पठारावर तर हे डोळ्यांदेखत घडतं. तिथे जांभ्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर. पावसाळ्यातली सगळी इवली फुलं तेवढ्याच मातीत मुळं धरतात, आणि बुटाखाली ती माती सुटली की पुढच्या सरीत वाहून जाते.

त्या रात्री मावळे महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन याच चिखलातून धावले होते. त्यांच्या वाटेवर आपण चिखल चुकवत चालावं, हे मला पटत नाही.

यंदा निघणार असाल तर एकच विनंती आहे. एका रांगेत चला, आणि डबकं आलं की त्यातूनच जा. लावणी सुरू असेल तिथे थांबून, ‘‘मावशी, कुठनं जाऊ?’’ एवढं विचारा. त्या वाट दाखवतात.