जातो म्हणू नये

आज एकच वाक्य घेऊन बसू. घाई करायची नाही. जमलं तर सकाळी लवकर त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढा आणि पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत बसा. नाशिकपासून लांब असाल तर आपल्याच घराच्या उंबरठ्याशी बसा. हे वाक्य शेवटी तिथंच येऊन थांबणार आहे. पाठ भिंतीला टेकवा. श्वास त्याच्या लयीत चालू द्या.

वाक्य जर्मन आहे : ‘श्टेल दिअर फोर, एस इस्ट क्रीग, उंट काइनर गेट हिन.’ १९८० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम जर्मनीत अण्वस्त्रांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ऑक्टोबर १९८१ मध्ये एकट्या बॉन शहरात तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. त्या दिवसांत हे वाक्य भिंतींवर, फलकांवर, छातीवरच्या बिल्ल्यांवर दिसायचं. ढोबळ अर्थ असा : समज, युद्ध आहे आणि कुणीच जात नाही.

अर्थ कळला की एरवी आपण पुढं सरकतो. आज सरकायचं नाही. या वाक्याचं इंग्रजी करणारे जिथं जिथं अडखळतात, तिथं आपणही थांबू. भाषांतर करताना माणूस अडखळतो, तिथंच वाक्य काहीतरी सांगत असतं.

पहिल्या शब्दापाशी बसू. इंग्रजीत तो ‘इमॅजिन’ होतो. मराठीत चटकन ‘कल्पना कर’ असं येतं. पण ‘कल्पना’ म्हटलं की ते खरं नाही, हेही आपण त्याच दमात म्हणून टाकतो. जर्मन क्रियापदाचा मूळ अर्थ साधा आहे : स्वतःच्या पुढ्यात ठेव. म्हणजे आपलं ‘डोळ्यांसमोर आण’. आणि सांगणाराही गर्दीला उद्देशून बोलत नाही, एकाच माणसाला ‘तू’ म्हणतो. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये हे तूपण उरत नाही. आपल्याकडे ते आहे.

तेव्हा डोळे मिटा आणि आणा डोळ्यांसमोर. एक मोकळं माळरान. तंबू ठोकलेले आहेत. तोफा रांगेत उभ्या आहेत. मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक झालेला आहे. हुकूम लिहिलेले कागद टेबलावर दगडाखाली दाबून ठेवलेत, वाऱ्यानं त्यांच्या कडा फडफडताहेत. रस्त्याकडे बघा. रस्ता रिकामा आहे. दुपार होते, अन्न निवतं, सावल्या लांबतात. रस्ता रिकामाच आहे. या रिकाम्या रस्त्याकडे थोडा वेळ नुसतं बघत राहा.

आता मधला तुकडा : युद्ध आहे. आज बाजार आहे, उद्या लग्न आहे, परवा जत्रा आहे, तसं युद्ध आहे. जर्मन आणि मराठी इथं अगदी शेजारी बसतात. इंग्रजीत मात्र या वाक्याचं जे रूप सर्वतोमुखी झालं, त्यात युद्ध ‘दिलं’ जातं, जशी मेजवानी द्यावी तसं. मेजवानी म्हटली की यजमान आला, आमंत्रण आलं, आणि न जाण्याची मुभाही आली. आपण म्हणतो, लढाई लागली. आग लागते तशी. युद्ध पेटलं म्हणतो. पेटवलं कुणी, हे वाक्यात येतच नाही. आयुष्यात किती वेळा आपण ‘पेटलं’ म्हणालो आणि पेटवणाऱ्याचं नाव घेतलं नाही, ते शांतपणे आठवा. दोष देण्यासाठी नाही. नुसतं आठवा.

हे वाक्य मुळात जर्मन नव्हतंच. १९३६ साली अमेरिकन कवी कार्ल सँडबर्ग यांचं ‘द पीपल, येस’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झालं. त्यात एक लहान मुलगी आयुष्यात पहिल्यांदा सैनिकांचं संचलन पाहते आणि विचार करून जे बोलते, त्यात या वाक्याचं बी आहे. पुढं ऑक्टोबर १९६६ मध्ये, व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, शार्लट कीज या बाईंनी ‘मॅककॉल्स’ मासिकात लेख लिहिला. त्याचं शीर्षक होतं ‘सपोज दे गेव्ह अ वॉर अँड नो वन केम’. सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्या मुलाची ही आई. मग हे वाक्य जर्मनीत गेलं, तिथल्या भाषेत मुरलं, आणि जर्मनांचंच होऊन गेलं. तिकडं अनेकांनी ते जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नावावरही खपवलं. त्याचं ते नाही.

असे एकावर एक बसलेले छाप आपल्याजवळही आहेत. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारला होता. असं एखादं नाणं हातात घेऊन उजेडाकडे तिरकं धरलं, तर सातकर्णीच्या चैत्याच्या खुणेखालून नहपानाचं नाक, गाल, केसांची कड अजून दिसते. आपलं वाक्य असंच आहे. वरचा छाप जर्मन, खाली एका आईचा, आणि त्याच्याही खाली संचलन बघणाऱ्या लहान मुलीचा चेहरा. याचं इंग्रजी करणं म्हणजे मूळ मुलखात परत नेणं. पण परत नेलेलं नाणं पहिल्यासारखं राहत नाही.

शेवटचा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. ‘हिन’ म्हणजे तिकडे, बोलणाऱ्यापासून दूर. जर्मन वाक्य म्हणतं, तिकडे कुणी जात नाही. इंग्रजी शीर्षक म्हणतं, कुणी आलंच नाही. दोन्हीकडे रस्ता तोच, रिकामा. फरक आहे तो बोलणारा कुठं उभा आहे याचा. ‘आलं नाही’ म्हणणारा युद्धाच्या मांडवात उभा राहून वाट बघतोय. ‘जात नाही’ म्हणणारा घरी आहे, आपल्या माणसांत. म्हणून भाषांतर करणाऱ्याला शब्द निवडण्याआधी जागा निवडावी लागते. तुम्ही कुठं उभे आहात? उत्तर लगेच नको. दोन श्वास घ्या.

या वाक्याला नंतर कुणीतरी शेपूट जोडलं : मग युद्धच तुमच्या घरी येईल. त्याच्या मागोमाग ब्रेख्तच्या एका वेगळ्याच रचनेतल्या ओळी चिकटवल्या गेल्या आणि सगळं एकच असल्यासारखं फिरत राहिलं. वाक्याचा अर्थ त्यानं उलटा झाला. पण त्या शेपटातली भीती खोटी म्हणून झटकून टाकू नका. ज्याच्या दारात शत्रू येऊन उभा राहिलाय, त्याला घरी बस असं कोण सांगेल? जर्मन वाक्यात मात्र ‘कुणीच’ आहे. आपल्या बाजूचं कुणी नाही आणि पलीकडचंही कुणी नाही. ‘कुणीच’मधला तो ‘च’ सोडला, तर वाक्य भ्याड होतं. तो धरून ठेवला, तर ते जगातल्या सगळ्यांत अवघड मागण्यांपैकी एक होतं.

आणि नाशिकमध्ये बसून हे वाक्य उच्चारणं सोपं नाही. इथं देवळालीला तोफखान्याचं विद्यालय आहे, नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र आहे. वर्षानुवर्षं इथून मुलं शिकून सीमेवर गेली आहेत. ही मुलं युद्ध पेटवत नाहीत. पेटलेल्यात त्यांना जावं लागतं. हे वाक्य त्यांच्यावर फेकायचा दगड नाही. तसं कुणी वापरलं, तर भाषांतर कितीही अचूक असो, ते चुकलं.

या देवळालीनं इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. १८६० च्या दशकापासून इथं ब्रिटिश सैनिकांची छावणी होती. मुदत संपलेले सैनिक मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत इथं राहायचे. बोटी ठरावीक हंगामातच सुटायच्या. काहींना महिनोन् महिने काम नाही, घर नाही, नुसतं ऊन. त्यात ज्यांचं मन ढळलं, त्यांच्यासाठी ‘डूलॅली टॅप’ असं म्हणू लागले. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत भ्रमिष्टाला डूलॅली म्हणतात. बोलणाऱ्याला ठाऊक नसतं की तो घरी परत जाऊ न शकलेल्या कुणा पोराचा ताप उच्चारतो आहे. त्या पोराला डोळ्यांसमोर आणा. तो शत्रूच्या बाजूचा होता की आपल्या, हे क्षणभर बाजूला ठेवा.

आता डोळे उघडा आणि भिंतीकडे बघा. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत एक लेख कोरलाय. तो गौतमी बलश्री या राजमातेचा. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीचं ते १९ वं वर्ष. तिचा मुलगा, तोच नाण्यांवर छाप मारणारा सातकर्णी, तेव्हा हयात नव्हता असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेखात त्याचं कौतुक आहे : शक, यवन, पहलवांचा त्यानं नाश केला, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश उखडला. आणि त्याच दगडात, त्याच कौतुकात, आणखीही लिहिलंय : अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे, आणि आईची सेवा त्यानं कधी सोडली नाही. तिच्याविषयी लिहिलंय की सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत ती रमणारी. लेणं तिनं भिक्षूंना दान दिलं.

छिन्नीनं खोदलेल्या त्या अक्षरांवरून नजर सावकाश फिरवा. वंश उखडणारा आणि जीव घेणं न आवडणारा, एकच मुलगा. दोन्ही एकाच दगडावर कसं लिहावं? आई लिहवून घेऊ शकते. तिला विजयाचा अभिमानही आहे, आणि मुलाला मारायला आवडत होतं असं जगानं म्हणू नये, ही काळजीही आहे. इथल्या कुठल्याही जवानाच्या आईला विचारा, ती याहून वेगळं सांगणार नाही.

आता उंबरठ्यावर या. आपल्या घरांत बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणालं की आई लगेच टोकते : जातो म्हणू नये, येतो म्हणावं. काळी पेटी रिक्षात ठेवून झाली, हातावर दही-साखर ठेवून झाली, पोरगा वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, ‘येतो, आई.’ निघाला सीमेवर, आणि म्हणतो येतो. कारण मराठीत ‘गेला’ या शब्दाचा दुसरा अर्थ प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो अर्थ टाळण्यासाठी भाषेनंच ही वाट काढली आहे.

आता ते वाक्य मराठीत हळूच म्हणा : डोळ्यांसमोर आण, लढाई लागलीय, आणि कुणीच गेलं नाही.

ऐकलंत? कुणी तिकडे गेलं नाही, आणि कुणी जिवानिशीही गेलं नाही. जर्मन वाक्यात रस्ता रिकामा होता. मराठीत आल्यावर घरं भरलेली राहिली. ही भर भाषांतर करणाऱ्यानं घातलेली नाही. आपल्या आयांनी उंबरठ्यावर उभं राहून ती शतकानुशतकं सांभाळली आहे.

आता उठा, आणि एक करा. ज्या घरातून कुणी सीमेवर गेलंय, अशा घरी जाऊन बसा. चहा घ्या, त्या मुलाची खुशाली विचारा. मग हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघा. त्याच्या आईसमोर मान खाली न घालता म्हणता आलं, तर भाषांतर बरोबर आहे. नाही म्हणता आलं, तर शब्द बदला. वाक्य सोडू नका.