परका मासा, जीवदान आणि गळ टाकणाऱ्याचे कर्तव्य

गळाला लागलेला मासा घरी न्यावा की पाण्यात परत सोडावा, हा प्रश्न एरवी चवीचा, हौसेचा किंवा फार तर नियमांचा मानला जातो; परंतु तो मासा त्या पाण्यातला मूळचा नसून माणसाने बाहेरून आणून सोडलेला आणि तेथील जीवसृष्टीला घातक ठरलेला असेल, तर तोच प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो. अशा जातींना 'आक्रमक परकी जाती' म्हटले जाते, म्हणजे ज्या जाती आपल्या मूळ प्रदेशाबाहेर नेल्या गेल्या, तेथे रुजल्या, आणि अन्न, जागा किंवा वीण यांवर कब्जा करून स्थानिक जातींना मागे रेटू लागल्या अशा जाती. त्यांतला एक जीव हातात आला असता प्राण घेऊ नये ही आज्ञा आणि आपल्या ओंजळीतल्या नदीचे रक्षण करावे हे कर्तव्य एकमेकांसमोर उभी राहतात, आणि सोडून देणे म्हणजे पुण्य व मारणे म्हणजे पाप ही सोपी वाटणी तेथे अपुरी पडते.

त्याआधी एक भेद करणे आवश्यक आहे, कारण तो न केल्यामुळे फार मोठा अन्याय घडत आला आहे. नको असलेला मासा आणि घातक मासा एक नव्हेत. महसीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी गळ टाकणाऱ्याला काटेरी, लहान किंवा बेचव स्थानिक मासा नकोसा वाटतो. तो मासा मात्र त्या नदीचा मूळ रहिवासी असतो आणि त्याला काळजीपूर्वक परत सोडण्याखेरीज दुसरा न्याय्य पर्याय नसतो. ओळख चुकली तर हेतू कितीही शुद्ध असला तरी कृती उलटी पडते, आणि याचे ठळक उदाहरण मागूर या माशाचे आहे. देशी मागूर हा आपल्या पाणथळ जागांतला जुना मासा आहे, तर ज्याला बाजारात 'थाई मांगूर' म्हणतात तो आफ्रिकेतला मासा आकाराने कितीतरी मोठा होणारा आणि मिळेल ते खाणारा असून त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. कोवळ्या वयात हे दोघे इतके सारखे दिसतात की परक्याला मारतो असे समजून देशी मागूर मारला जाणे सहज शक्य असते. म्हणून या विषयात ज्ञान हा आचरणाचा पूर्वभाग ठरतो. ज्याला मासा ओळखता येत नाही त्याला तो मारण्याचा निर्णय घेण्याचा अधिकारही पोहोचत नाही.

'परका' या कल्पनेचीही तपासणी व्हायला हवी, कारण मासा परका ठरतो तो नदीच्या संदर्भात, देशाच्या नव्हे. निळसर परांचा महसीर, ज्याचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री' असे आहे, तो अस्सल महाराष्ट्रीय मासा आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून. धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो घटू लागला, तेव्हा लोणावळ्यात टाटांच्या प्रजनन केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली, आणि ही पिल्ले देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली. त्यांत कावेरीही होती. कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसिरांपैकी एक. १९४६ साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत धरला गेलेला १२० पौंडांचा मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. गळाने मासे धरणाऱ्यांच्या नोंदवह्यांचा अभ्यास झाला, तेव्हा १९९८ ते २०१२ या काळात निळसर परांचा महसीर वाढत गेला आणि कुबडा महसीर दुर्मीळ होत गेला असे दिसून आले. २०१८ साली या कुबड्या महसिराची अत्यंत संकटग्रस्त जाती म्हणून नोंद झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने केलेली मासेमारी हीही त्याच्या ऱ्हासाची कारणे आहेतच. परंतु एका नदीतल्या माशाला वाचवण्याच्या सदिच्छेने दुसऱ्या नदीतल्या माशावर संकटाची भर पडली, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. याहून वेदनादायक भाग असा की कावेरीवरचे हौशी मासेमार हा परका महसीर पकडल्यावर मोठ्या आदराने परत सोडत आले, कारण 'धरा आणि सोडा' हाच त्यांनी आपला संयम मानला होता.

या पार्श्वभूमीवर अहिंसेच्या सर्वांत कठोर परंपरेकडे वळले पाहिजे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले दिगंबर जैन आचार्य अमृतचंद्र यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात घातक जीव मारण्याच्या बाजूचा युक्तिवाद पूर्वपक्ष म्हणून मांडून नाकारला आहे: एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेकांचे रक्षण होते, म्हणून त्याला मारावे, असे समजू नये. पुष्कळ हिंसा करणारा जीव जगला तर अधिक पाप साठवील, म्हणून दयेपोटी त्याला संपवावे, हेही त्यांना मान्य नाही. त्यांच्या विचारात हिंसेचे मूळ राग, लोभ, प्रमाद अशा आंतरिक विकारांत असते, प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आणि जगातल्या मृत्यूंचा जमाखर्च मांडून एकाचा प्राण घेणाऱ्याचे मन त्या विकारांपासून मोकळे राहील यावर त्यांचा विश्वास नाही. आज परिसंस्थेच्या नावाने जे सहज बोलले जाते, की जाती टिकवायची तर व्यक्तींना मारावेच लागते, त्याला हा हजार वर्षांपूर्वीचा आक्षेप अजूनही तितक्याच ताकदीने लागू पडतो. पाश्चात्त्य तत्त्वचिंतनातही हा वाद झाला आहे: आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भूमी, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचा मिळून एक नैतिक समुदाय कल्पिला, आणि टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये, समग्राच्या हितासाठी व्यक्तीचा बळी देणारा हा विचार हुकूमशाहीच्या वळणावर जातो, अशी कडक टीका केली.

तथापि अमृतचंद्रांची भूमिका ज्याच्यासाठी आहे तो माणूस मुळात गळ टाकतच नाही, हे येथे विसरून चालत नाही. जो कोणताही मासा धरत नाही, त्याला परक्या माशाच्या प्राणाविषयी निरपवाद भूमिका घेण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि ती आदरणीयच आहे. गळ टाकणाऱ्याने मात्र हिंसेच्या क्षेत्रात आधीच पाऊल ठेवलेले असते. लोखंडी आकडा माशाच्या तोंडात रुतवल्यावर, केवळ शेवटच्या क्षणी, त्या परंपरेचा अर्धा भाग उसना घेऊन 'मी जीवदान दिले' असे त्याला म्हणता येत नाही. माशांच्या तोंडात इजेची जाणीव करून देणारी चेतातंतूंची टोके असतात हे २००३ साली ट्राउट माशांवरील संशोधनात दाखवले गेले. माशाला होणारी वेदना माणसासारखी असते का याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, परंतु शंकेचा फायदा वेदना देणाऱ्याला मिळू नये हे नीतीला धरून आहे. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई आहे, आणि अन्न हे असे कारण मानले जात असल्याने केवळ सोडून देण्याच्या उद्देशाने, मौजेखातर मासा धरणे हेच तेथे दोषास पात्र ठरते. या दृष्टीने पाहता घातक मासा धरून खाणारा हा देखणा मासा धरून, छायाचित्र काढून सोडणाऱ्यापेक्षा नैतिकदृष्ट्या कमी दोषी ठरतो, आणि हा निष्कर्ष हौशी मासेमारांना रुचला नाही तरी टाळता येण्यासारखा नाही.

जीवदानाच्या विधीवरही येथेच विचार व्हायला हवा. चीन आणि आसपासच्या बौद्ध परंपरेत बाजारातले जिवंत प्राणी विकत घेऊन मुक्त करण्याचा पुण्यविधी शतकानुशतके चालत आला आहे. त्यामागची करुणा खरी आहे, पण २०१५ साली इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर अशाच विधीत परदेशी शेवंडे आणि खेकडे समुद्रात सोडले गेले, ते परत पकडण्यासाठी मच्छीमारांची मदत घ्यावी लागली, आणि संबंधितांना २०१७ मध्ये न्यायालयाने दंड केला. आपल्याकडे काचेच्या टाकीत न मावणारा सकर मासा तळ्यात सोडणारा माणूसही अशाच भावनेने वागतो. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या कथेत मासा आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवला जातो. वाढणाऱ्या जीवाला योग्य पाणी मिळेपर्यंत त्याची जबाबदारी मनूने सोडली नाही, आणि टाकीतला मासा सोडणाऱ्याने नेमका हाच भाग वगळलेला असतो.

मग मारणे कर्तव्य ठरले तर ते कोणत्या वृत्तीने करावे? धर्मशास्त्रात 'आततायी' अशी एक संज्ञा आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन, शेत किंवा पत्नी हिरावून घेणारा असे सहा प्रकारचे आक्रमक तिच्यात येतात, आणि त्यांना मारण्यात दोष नाही असे मानले आहे. परक्या माशाला याच न्यायाने 'घुसखोर' म्हणून शिक्षा करण्याची भाषा सर्रास वापरली जाते आणि ती समूळ चुकीची आहे. अमेझॉनच्या खोऱ्यातला सकर किंवा आफ्रिकेतला चिलापी, म्हणजे तिलापिया, आपण होऊन येथे आलेला नाही. चिलापीला १९५२ साली माणसांनीच अन्नवाढीच्या हेतूने भारतात आणले. त्याच्याकडे हेतू नाही म्हणून अपराध नाही, आणि अपराध नाही म्हणून शिक्षाही नाही. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध, मिथिलेत मांस विकणारा तो ज्ञानी, आपल्या कामाला निर्दोष म्हणत नाही. शेती करतानाही असंख्य जीव मरतात, म्हणून पूर्ण अहिंसक कोणीच नाही, एवढे तो सांगतो आणि आपले काम द्वेषाशिवाय, मर्यादेत करतो. परका मासा मारणाऱ्याला हीच वृत्ती शोभते: हिंसा ही हिंसाच राहते, तिचे ओझे उतरत नाही, पण ती क्रूर होऊ न देणे हातात असते.

प्रत्यक्षात मात्र क्रूरताच अधिक दिसते. जाळ्यात किंवा गळाला आलेला सकर काठावर फेकून वाळायला सोडणे ही सर्वत्र आढळणारी रीत आहे, आणि ती फार वाईट आहे, कारण सकर पोटाच्या साहाय्याने आणि आफ्रिकी मागूर कल्ल्यांजवळच्या विशेष अवयवाने हवेतूनही श्वास घेऊ शकतात, त्यामुळे त्यांचे मरण कित्येक तास लांबते. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जड दांडक्याचा एक जोरकस घाव घालून मासा बेशुद्ध करणे आणि लगेच टोकदार साधनाने मेंदू निकामी करणे, हा क्षणात संपणारा मार्ग आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याने ते शिकल्याशिवाय गळ हाती घेऊ नये. मारलेला मासा पाण्यातही टाकू नये. चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिच्या मृत्यूनंतरही पिल्ले निसटून जगू शकतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात म्हणूनच चिलापी पाण्यात परत सोडण्यास मनाई आहे आणि तो मारून पाण्यापासून दूर त्याची विल्हेवाट लावावी लागते. आपल्याकडे खाण्याजोगा मासा खाल्ला जावा हे अधिक योग्य. उजनी जलाशयाच्या काठावर चिलापी हेच कित्येक घरांचे अन्न आणि उत्पन्न आहे, आणि घेतलेला प्राण वाया न घालवणे हा सर्व परंपरांना मान्य होणारा किमान नियम आहे.

येथे एक आक्षेप उरतो. उजनीसारख्या जलाशयात लक्षावधी चिलापी असताना एकाला मारल्याने काय साधणार? काहीच नाही, हे मान्य केले पाहिजे. जेथे जाती पूर्णपणे रुजली आहे, तेथे पर्यावरणरक्षणाचे नाव घेऊन मारण्याला आधार नाही, अन्नासाठी मारण्याला आहे. याउलट जेथे जाती नुकतीच शिरली आहे, एखादे तळे, डोंगरातला ओढा, महाडजवळच्या वाळण कोंडीसारखा देवाच्या नावाने राखलेला डोह, तेथे एकेक मासा खरोखर निर्णायक असतो, आणि तेथे तो परत सोडणे ही करुणा नसून निष्काळजीपणा आहे. सापडलेल्या जागेची खबर मत्स्यव्यवसाय विभागाला देणे हेही मग त्याच कर्तव्याचा भाग ठरते.

कावेरीतल्या महसिराबाबत मात्र कोण्या एका मासेमाराने आपल्या मनाने निर्णय घेणे योग्य नव्हे. दोन्ही मासे एकाच कुळातले, कोवळेपणी ओळखायला अवघड, आणि चुकीने मारलेला एक कुबडा महसीरही आता परवडणारा नाही; तेथे निळसर परांचा महसीर काढायचा की नाही, किती आणि कसा, हे जाणकारांनी अभ्यास करून ठरवावे आणि गळ टाकणाऱ्यांनी ते पाळावे. एक गोष्ट मात्र वाट न पाहता करता येते: एका नदीच्या माशाची पिल्ले दुसऱ्या नदीत सोडणे थांबवणे. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन आक्रमक परक्या जातींवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, परंतु त्या दुरुस्तीत अशी जाती म्हणजे भारताबाहेरची जाती, अशी व्याख्या केलेली असल्यामुळे मुळा-मुठेचा महसीर कावेरीत सोडणाऱ्याला तो कायदा आजही अडवत नाही.