बीज राखावे कसे?



माउलीहो, वारीत मन किती गोड असते! कोणाचा पाय लागला तर आपणच त्याच्या पाया पडतो. पण घरी येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच राग उगवतो, लोभ उगवतो आणि मनुष्य म्हणतो, "वारी फुकट गेली." हे खरे काय? टोमॅटोच्या रोपाला विचारू या.

अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीत पाऊस ओसरला आणि परसात बोराएवढ्या टोमॅटोची संकरित रोपे लावली, असे समजा. त्या वर्षी सगळी झाडे सारखी, चवही सारखी. त्यांचेच बी धरून पुढच्या वर्षी पेरावे, तर एकाला आंबट फळ, दुसऱ्याला मोठे, एखाद्याला पिवळेसुद्धा! लोक म्हणतात, बी बिघडले. अहो, बिघडले काहीच नाही. संकरित झाड म्हणजे दोन वेगळ्या वाणांची गाठ. पहिल्या पिढीत एकाचा गुण वर दिसतो, दुसऱ्याचा आत दडतो. पुढच्या पिढीत तो बाहेर पडतो. युरोपातील ब्रनो शहराच्या मठात ग्रेगोर मेंडेल या साधूने वाटाण्याची हजारो झाडे मोजून हा नियम काढला व १८६६ साली प्रसिद्ध केला. दडलेला गुण सरासरी चारांतल्या एका झाडात उघडा होतो.

मनाचेही तसेच. घरी आल्यावर दिसला तो राग नवा नव्हे. संतसंगतीत तो दडला होता, इतकेच. तो दिसला म्हणून सगळी बाग उपटावी काय? नाही. निवड करावी.

माळी काय करतो? नुसते फळ पाहत नाही, झाड पाहतो. निरोगी, गोड फळाच्या झाडाला दोरा बांधतो. त्याचे पुरते पिकलेले फळ वाटीत पिळून दोन-तीन दिवस आंबवतो. बुळबुळीत साल सुटते, चांगले बी तळाला बसते. ते धुऊन, सावलीत वाळवून, कोरड्या बाटलीत ठेवतो. टोमॅटोचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. म्हणून मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो. सातव्या पिढीत चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणजे सहा वर्षे दरसाल बी धरायचे आणि निवडायचे! मग ते बी घरचे होते. दरसाल दुकानात जावे लागत नाही.

असे घरचे बी जपण्याचे मोल मोठे आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बी जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि अरणच्या सावता महाराजांना तर मळ्यातच विठ्ठल भेटला. निंदणी, खुरपणी हीच त्यांची पूजा होती.

म्हणून एका वारीने मन सुधारले नाही, असे म्हणून माळ खुंटीला टांगू नका. यंदा एक चांगली सवय निवडा, तिला दोरा बांधा, पुढच्या आषाढीपर्यंत राखा. वाईट उगवेल ते निंदून काढा. पण बी सोडू नका.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!