दवंडी आणि पाणपोई

आपले लेखन चारचौघांत पोहोचावे ही इच्छा अहंकाराची की दानाची, हा प्रश्न मला १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीने मांडलेल्या आरएसएस या संकेतस्थळांसाठीच्या योजनेपाशी पुन्हा भेटतो. तीत संकेतस्थळाचा धनी नव्या मजकुराचे शीर्षक, सारांश आणि दुवा एका फाइलीत नोंदवून स्वस्थ बसतो. वाचकाचे यंत्रच ठरावीक वेळाने तेथे येऊन, नवे काही असल्यास, घेऊन जाते, आणि कोणी वाचले याची नावनिशीवार फेरिस्त धन्याच्या दप्तरी सहसा लागत नाही. दवंडीपेक्षा हे पाणपोईच्या अधिक जवळचे. अर्थात पाणपोईवरही दात्याचे नाव कोरलेले असतेच! केवळ दोन ओळींचा सारांश ठेवून उरलेल्यासाठी वाचकाला आपल्या दारी बोलावणारे धनीही पुष्कळ. त्यांच्याविषयी माझे मन अद्याप साशंक आहे.