आभाराच्या यादीत न आलेलं नाव

गेल्या नाताळच्या कार्यक्रमात आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाइलवर यादी केली. पाळकसाहेब, कमिटीचे सभासद, केकचा खर्च उचलणारं कुटुंब, मंडपवाले, कॅरोलसाठी घरोघर फिरताना गाडी देणारे दादा. शेवटी ते ठरलेलं वाक्य, 'आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे'. टाळ्या वाजल्या. स्टेजच्या बाजूला स्पीकरच्या खोक्याला टेकून मामा उभे होते. चर्चची घंटा वाजवणारे, सतरंज्या घालणारे, किल्ल्या सांभाळणारे मामा. ते टाळ्या वाजवत नव्हते. मला वाटलं, रागावले.

घरी जाताना मनात आलं, नाव घालायचं म्हटलं असतं तरी काय घातलं असतं? मला त्यांचं नावच माहीत नव्हतं.

आपल्याकडे कंडक्टर मामा असतो, हवालदार मामा असतो, शाळेचा शिपाईही मामाच. लादी पुसणारी ती मावशी. यात आपुलकी असते, नाही असं नाही. पण एकदा नातं लावलं की नाव विचारायची गरजच उरत नाही. सख्खे मामा लग्नात मानपानावरून रुसतात आणि सगळं घर त्यांची समजूत काढायला धावतं. या मामांना रुसायची सोयही नाही.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल प्रेमाबद्दल लिहितो. प्रेम ढोंगी नसावं म्हणतो आणि लगेच सांगतो, की एकमेकांना मान देण्यात स्वतःहून पुढे व्हा. समोरच्याने आधी द्यावा म्हणून वाट बघू नका. इथला मूळ ग्रीक शब्द 'तिमे'. त्याचा अर्थ मान, आणि किंमतही. मराठीला हे वेगळं समजवावं लागत नाही. 'घरात मला कुणी किंमत देत नाही' असं आपली आई म्हणते, तेव्हा ती पैशांबद्दल बोलत नसते.

या अध्यायावर मी कितीतरी उपदेश ऐकलेत. सोळाव्यावर एकही आठवत नाही. तो वाचायला कंटाळवाणा आहे, नुसती नावं. पण बाराव्यात सांगितलेलं पौल स्वतः कसं करतो, ते तिथे दिसतं. हे पत्र इ.स. 57च्या सुमाराचं, बहुधा करिंथहून लिहिलेलं. तोवर पौल रोमला गेलेलाही नव्हता. तरी तिथल्या 24 जणांना तो नावानिशी सलाम पाठवतो. त्यात अम्प्लियातसारखी, त्या काळी गुलामांत सर्रास आढळणारी नावंही आहेत. कुणी काय केलं तेही तो सांगतो. प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याने त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. त्रुफैना आणि त्रुफासा या दोघींची नावं ग्रीकमधल्या नाजूकपणाच्या शब्दावरून आलेली, आणि पौल कौतुक करतो ते त्यांच्या कष्टांचं. (मला वाटतं, लिहिताना तो हसला असेल.)

पत्र कागदावर उतरवणारा लेखनिक वेगळाच होता, तर्तियस. नावाचा अर्थ 'तिसरा'. मध्येच एका ओळीत तो स्वतःचा सलाम घालतो, 'मी' म्हणून. सांगणारा क्षणभर थांबल्याशिवाय हे कसं झालं असेल?

पण याच यादीत माझी पंचाईत होते. रूफच्या आईला पौल सलाम सांगतो आणि तिचं नाव लिहीत नाही. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? मी बरेच दिवस यावर अडले होते. तो लिहितो की ती माझीही आई झाली. म्हणजे तिने आपल्यासाठी काय केलं हे त्याला ठाऊक आहे आणि ते तो चारचौघांत कबूल करतो. मी 'मामा' म्हणत होते तेव्हा कशाचीच कबुली देत नव्हते.

आणि प्रत्येकाच्या नावापुढे कामाची नोंद आहे असंही नाही. अम्प्लियातबद्दल एवढंच, की तो प्रिय आहे. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दर शुक्रवारी कुणाचं तरी कौतुक होतं, टार्गेट पूर्ण केलेल्याचं. ते चांगलंच आहे. पण ज्याच्या नावावर काही जमा नाही, त्याला तिथे जागा नाही. याकोबाच्या पत्रातही हेच दुखणं आहे: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बस म्हणायचं. मंडळी तेव्हाही मंडळीच होती.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी मी लवकर गेले. मामा सतरंज्या झटकत होते. मी दुसरं टोक धरलं आणि नाव विचारलं. त्यांनी आडनावासकट सांगितलं. (छापू का, हे विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.) मग मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुमचं नाव राहिलं. चुकलं माझं."

"राहू दे गं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "घेतलं असतंस तर बरं वाटलं असतं."

आम्ही सतरंजी अंथरली. ती सरळ करता करता त्यांनी विचारलं, "तुझ्या आभारांच्या वेळी माईकची वायर सैल झाली होती. सोडली की आवाज जायचा. शेवटपर्यंत हाताने दाबून धरली मी. कुणाला कळलं नाही ना?"