फोटो कोणाचा?

निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा, असे सगळेच सांगतात. मी चौतीस वर्षे परिचारिकेचे काम केले. त्यातली पहिली काही मुंबईत आणि बाकीची इथे अमेरिकेत. रात्रपाळ्या संपल्या, मुले आपापल्या घरी गेली आणि हात रिकामे झाले. तेव्हा मुलाने वाढदिवसाला कॅमेरा दिला. पहिला महिनाभर तो डब्यातच होता. मग मैत्रिणींनी बाहेर काढायला लावला.

आम्ही पाच मैत्रिणी न्यू जर्सीत एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर राहतो. तिघी आपल्या समाजातल्या, एक पुण्याची, एक नागपूरची. शनिवारी आम्हा तिघींचा शब्बाथ, म्हणून सहल रविवारी. थर्मासमध्ये चहा, डब्यात चपातीभाजी आणि कोणाची तरी गाडी. शरदात पाने रंगली की हडसन नदीकाठी बेअर माउंटनला जायचे, पक्षी पाहायचे झाले तर न्यूयॉर्क शहरातच जमेका बेच्या पाणथळीवर. पाखरू पाण्यावरून कधी उठेल याची वाट पाहत मी तासन् तास उभी राहू लागले. वॉर्डात धावपळ करण्यात जन्म गेला, त्या मला कॅमेऱ्याने थांबायला शिकवले. ही मोठी देणगी आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी कॅमेऱ्याबद्दल थोडे कडू बोलणार आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही पॅटर्सनच्या धबधब्यावर गेलो होतो. सत्त्याहत्तर फूट उंचीचा हा धबधबा. त्याच्याच जोरावर गिरण्या चालवायच्या म्हणून १७९२ च्या सुमारास हे गाव वसवले गेले. मी पाण्याचे फोटो काढत होते. कॅमेऱ्याचा पडदा सावकाश उघडझाप केला की पाणी दुधासारखे दिसते आणि झटकन केला की थेंब न् थेंब वेगळा दिसतो. मला त्याची मोठी मौज वाटत होती.

आमच्यातली सर्वांत थोरली, जिला आम्ही ताई म्हणतो, ती कठड्यापाशी उभी होती. आम्ही दहा पावलांवर. ती वळली, तिने आमच्याकडे पाहिले, आणि तिने आम्हांला ओळखले नाही. ती नजर मी वॉर्डात शेकडो वेळा पाहिली आहे. पाण्याचे तुषार तिच्या मागे उडत होते, त्यांत ऊन पडले होते. माझ्या बोटाने बटण दाबले. एकदा नव्हे, तीनदा. मग मी कॅमेरा गळ्यात सोडला, तिच्याजवळ गेले, हात धरला आणि म्हटले, "ताई, चहा घेऊ या." दोन मिनिटांत ती पहिल्यासारखी बोलू लागली.

चौतीस वर्षांची परिचारिका, आणि माझा हात आधी कॅमेऱ्याकडे गेला. सगळे मिळून पाचसहा सेकंदांचा उशीर. त्याने ताईचे काही बिघडले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

फोटो मात्र फार चांगला आला. तसा मी दुसरा काढलेला नाही. आमच्या गावच्या वाचनालयात हौशी लोकांच्या फोटोंचे प्रदर्शन भरते. आमच्यातली एक जण निवृत्त शिक्षिका आहे. ती म्हणाली, "हाच पाठव. म्हातारपण म्हणजे काय ते लोकांना कळू दे." मी म्हटले, ताईला न विचारता? ती म्हणाली, सार्वजनिक जागी फोटो काढायला या देशात कायद्याने कोणाची परवानगी लागत नाही. तेही खरेच.

तिने मला डोरोथिया लँगच्या फोटोची आठवण दिली. तो आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत लँगबाईंनी एका आईचा फोटो काढला. वय बत्तीस, अंगाशी लेकरे, हात गालाशी. लँगबाईंनी तिचे नावही विचारले नव्हते. फोटो वर्तमानपत्रात आला आणि सरकारने त्या छावणीत अन्नधान्य पाठवले. तेवढ्यात ती आई लेकरांना घेऊन पुढच्या गावी निघूनही गेली होती. फोटो जगभर गेला. १९७८ मध्ये एका बातमीदाराने तिला शोधून काढले. तिचे नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन. हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, अशा अर्थाचे ती बोलली. त्यातून तिला एक पैसाही मिळाला नव्हता. पुढे १९८३ मध्ये ती आजारी पडली. मुलांनी मदतीची हाक दिली, तेव्हा त्याच फोटोमुळे अनोळखी लोकांनी तीस हजारांहून जास्त डॉलर आणि पोत्याने पत्रे पाठवली. इतकी वर्षे त्या फोटोची लाज वाटणाऱ्या मुलांना तेव्हा त्याचा अभिमान वाटला. त्याच वर्षी ती वारली.

"मग सांग," शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "फोटो काढला ते चूक की बरोबर?"

मला उत्तर देता आले नाही. छावणीतल्या उपाशी लोकांना अन्न मिळाले, हे चांगलेच झाले. पण जिच्या चेहऱ्यामुळे ते मिळाले, तिचे देणे त्याने फिटले का? एकाचे ऋण दुसऱ्याला देऊन फिटत नाही, एवढे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकवले आहे.

आणि फोटो नकोतच असेही मी कसे म्हणू? रेवदंड्याच्या माझ्या आजीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, इस्रायलला जाण्यासाठी काढलेला पासपोर्टचा. कान दिसले पाहिजेत म्हणून फोटोवाल्याने डोक्यावरचा पदर मागे घ्यायला लावला. आजी शेवटपर्यंत म्हणायची की त्यात ती स्वतः नाहीच. पण आज तोच आमच्या दिवाणखान्यात आहे. गाव सुटले, घर सुटले, अशा आपल्यासारख्यांना फोटोवाचून दुसरे काय उरते?

शेवटी मी वॉर्डाची रीत आठवली. तिथे आम्ही माणसाला उघडे पाहतो, रडताना पाहतो, मरताना पाहतो. ते पाहण्याची मुभा आम्हांला एकाच कारणाने असते. जे पाहू ते त्याच्याच उपयोगी आणायचे. जखमेचा फोटो काढायचा तरी रुग्णाची संमती घ्यायची, आणि तो त्याच्या कागदपत्रांतच राहायचा. पुढे १९९६ च्या कायद्याने रुग्णाची माहिती जपण्याचे बंधन आले, पण चांगल्या परिचारिकेला त्याआधीही ते कळत होते. मग अंगावरचा गणवेश उतरला म्हणून माझ्या डोळ्यांवरचे बंधन उतरले काय?

फोटो घेऊन मी ताईच्या घरी गेले. तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला. मग विचारले, "ही मी का? आणि तू कुठे होतीस तेव्हा?"

मी खरे ते सांगितले. "फोटो काढत होते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नंतर आलीस ना? मग झाले." आणि थोड्या वेळाने, "हा माझ्या मुलांना दे. मी विसरते म्हणते तर त्यांना थट्टा वाटते. डॉक्टरलाही दाखव. पण भिंतीवर नको लावूस."

मुलांनी फोटो पाहिला आणि त्याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेले. प्रदर्शनात मी पाण्याचा फोटो पाठवला. तो कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

वाचकहो, परक्या माणसाचा फोटो काढावा की नाही, याचा निकाल मी लावू शकत नाही. लँगबाई त्या दिवशी छावणीत थांबल्या नसत्या तर ते लोक उपाशीच राहिले असते, हे मला मान्य आहे. मी फक्त माझ्यापुरते ठरवले आहे. समोर कोणी अडखळले तर आधी हात, मग कॅमेरा. आणि फोटो काढलाच, तर तो ज्याचा आहे त्याला आधी दाखवायचा. या नियमाने माझे दोन-तीन चांगले फोटो गेले. रविवारची सहल चालूच आहे. ताई हल्ली माझ्या शेजारी उभी असते, माझ्या कोपराला धरून. त्यामुळे कॅमेरा थोडा हलतो.