हातून झालेले

तलकाडची वाळू पायांना लागते तशी खिशातही जाते. म्हैसूर जिल्ह्यात, टी. नरसीपूर तालुक्यात, कावेरी जिथे वळण घेते तिथे हे गाव वसले आहे. एके काळी ती पश्चिम गंगांची राजधानी होती. पुढे इ.स. 1116 च्या सुमारास होयसळ विष्णुवर्धनाने चोळांकडून ती जिंकून घेतली, कीर्तिनारायणाचे देऊळ उभारले आणि ‘तलकाडुगोंड’ हे बिरुद लावले. आज त्या राजधानीचा पुष्कळसा भाग वाळूखाली आहे. देवळे उकरून काढावी लागली आहेत. वैद्येश्वराकडून पाताळेश्वराकडे आणि तिथून मरुळेश्वराकडे जाणारा यात्रेकरू अनवाणी पायांनी वाळूचे चढउतार तुडवतो आणि खोलगट जागेतल्या देवळात शिरण्यासाठी पुन्हा वाकतो.

पुण्याहून आलेला असा एक यात्रेकरू कल्पावा. वय साठीकडे झुकलेले. वडील कित्येक महिने अंथरुणाला खिळलेले आणि बहीण त्यांच्यापाशी. “दादा, तू जाऊन ये, मी आहे इथे,” असे तिनेच सांगितल्यामुळे तो चार दिवसांसाठी निघालेला. निघताना त्याने एकच काळजी घेतली आहे: मोबाइलचा आवाज पुरता वाढवून ठेवला आहे. पण त्या मोबाइलच्या कडेला एक चिमुकली खिट्टी आहे. चपला उचलण्यासाठी तो वाकतो, खिशातल्या किल्ल्यांचा किंवा वाळूचा तिच्यावर दाब येतो आणि फोन मुका होतो. दोन तासांनी नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून तो फोन पाहतो तेव्हा बहिणीचे सोळा कॉल येऊन गेलेले असतात. वडिलांना शुद्ध होती, त्यांना मुलाचा आवाज ऐकायचा होता. आता शुद्ध नाही. बहीण रागावत नाही. ती एवढेच विचारते, “दादा, फोन का नाही उचललास?” आणि तो म्हणतो, “अगं, सायलेंटवर गेला होता. मला कळलंच नाही.”

या उत्तरातले क्रियापद पाहण्यासारखे आहे. ‘गेला होता.’ जणू फोनला पाय आहेत आणि तो आपल्या मर्जीने कुठेतरी निघून गेला. मराठीत अशा प्रसंगासाठी तीन रचना हाताशी असतात. ‘मी फोन बंद केला’ यात कर्ता आहे आणि त्याचा हेतूही आहे. ‘फोन बंद झाला’ यात कर्ताच नाही. पाऊस पडावा तसे ते घडले. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी रचना आहे, जी आपण रोज वापरतो आणि जिच्याकडे क्वचितच लक्ष देतो: ‘माझ्या हातून फोन बंद झाला.’ क्रिया अकर्मकच राहते, हेतूचा दावा कोणी करत नाही. पण हात मात्र माझा आहे हे कबूल केले जाते. कपबशी फुटते ती हातून, शब्द निसटतो तो तोंडून. हेतू नसतानाही संबंध उरतो, हे जाणणाऱ्या पिढ्यांनी ही ‘हातून’ घडवली असली पाहिजे. त्या यात्रेकरूच्या तोंडी ती आली नाही, यात त्याचा दोष नाही. घाबरलेला माणूस जवळचे व्याकरण उचलतो.

तारेच्या फोनच्या काळात हा प्रश्न या रूपात उभाच राहत नव्हता. तो फोन घराचा असे. तो वाजे, आणि घरात कोणी नसेल तर रिकाम्या खोलीतही वाजत राही. न उचलण्याचा अर्थ ‘घरी नाही’ एवढाच होई. मोबाइल माणसाच्या अंगावर आला, आणि न उचलण्याचा अर्थ ‘मनात नाही’ असा होऊ लागला. 2007 साली आलेल्या पहिल्या आयफोनच्या डाव्या कडेला वाजणे आणि न वाजणे यांची खिट्टी होती, आणि ती पुढे पंधरासोळा वर्षे टिकली. न पाहता, खिशातल्या खिशात चाचपून फोन गप्प करता यावा ही तिची सोय. न पाहता करता येते ते न कळतही होते, ही त्या सोयीची दुसरी बाजू. 2023 मध्ये वरच्या दर्जाच्या आयफोनांतून ती खिट्टी गेली आणि तिथे बटण आले. ते क्षणभर दाबून धरल्याशिवाय फोन गप्प होत नाही. यंत्र घडवणाऱ्यांनी हेतू मोजण्याचे एक मापच शोधून काढले म्हणायचे: स्पर्श झाला तर अपघात, दाबून धरले तर इच्छा. नीतिशास्त्राला इतके सोपे माप अजून सापडलेले नाही.

नको तेव्हा वाजणे आणि हवे तेव्हा न वाजणे हे दोन अपघात एकाच खिट्टीचे असले, तरी नैतिकदृष्ट्या ते एका जातीचे नाहीत. वाजणारा फोन चारचौघांत उघडा पडतो. मराठी नाटकात तिसऱ्या घंटेच्या सुमारास मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते आणि तरीही तो वाजतो. 2019 साली सुबोध भावे यांनी हे असेच चालणार असेल तर आपण नाटकात काम करणार नाही, असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा त्या चिडीला रंगकर्मींच्या अनेक वर्षांच्या त्राग्याचा आधार होता. पण प्रेक्षागृहातला प्रत्येक अपराधी बेफिकीर असतो असे नाही. न्यूयॉर्कला 10 जानेवारी 2012 रोजी तिथला फिलहार्मोनिक वाद्यवृंद मालरची नववी सिंफनी वाजवत होता. शेवटचा भाग मावळत चालला असताना पुढच्या रांगेत एक आयफोन वाजू लागला आणि थांबेना. संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी वादन थांबवले. श्रोते संतापून ओरडले. पुढे वृत्तपत्राने नाव न छापता त्या गृहस्थांची बाजू दिली. फोन त्यांना आदल्याच दिवशी कचेरीतून मिळाला होता. त्यांनी तो सायलेंटवर ठेवला होता. वाजत होता तो गजर, आणि गजर त्या खिट्टीला जुमानत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. दोन रात्री त्यांना झोप आली नाही. त्यांनी गिल्बर्टना फोन करून क्षमा मागितली आणि गिल्बर्टनी ती दिली.

इथे सगळे पुरे झाले: अपराध दिसला, शिक्षाही तिथल्या तिथे झाली, क्षमा मागितली गेली आणि मिळाली. न वाजलेल्या फोनला यातले काहीच मिळत नाही. त्याला साक्षीदार नसतो. खिट्टी आपोआप सरकली की कोणी सरकवली, हे खिशाखेरीज कोणाला ठाऊक नसते. आणि अडचण अशी की ‘सायलेंटवर होता’ हे वाक्य आता बदनाम झाले आहे. उधारी मागणाऱ्याला, कंटाळवाण्या नातेवाइकाला, साहेबाला, नको झालेल्या मित्राला आपण सर्वांनीच हे वाक्य कधी ना कधी ऐकवलेले आहे. ते इतके सोयीचे खोटे झाले की खरे बोलणाऱ्यासाठी दुसरे वाक्यच उरले नाही. खऱ्या अपघाताचे आणि सराईत टाळाटाळीचे शब्द हुबेहूब सारखे. तलकाडच्या वाळवंटात उभ्या असलेल्या त्या भावाला बहिणीने विश्वास द्यायचा तो शब्दांवर देता येणार नाही; त्याने यापूर्वी कितीदा फोन उचलला, त्यावरच द्यावा लागेल. खोटे बोलणाऱ्यांचे देणे असे एखाद्या खऱ्या माणसाला फेडावे लागते, आणि पुष्कळदा तो स्वतःही त्या देण्यात थोडाफार वाटेकरी असतो.

समजा, बहिणीने विश्वास ठेवला. “असू दे रे,” असे ती म्हणाली. तरी त्याचे मन शांत होईल का? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात अज्ञानातून घडलेल्या कृतीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. ज्याला नंतर दुःख होते त्याची कृती इच्छेविरुद्ध घडली असे म्हणावे. ज्याला काहीच वाटत नाही त्याची कृती स्वेच्छेची नसली तरी इच्छेविरुद्धही नव्हती. म्हणजे कृती काय होती, हे पुढच्या क्षणीच्या मनावरून ठरते. विसाव्या शतकात बर्नार्ड विल्यम्स यांनी, काहीही चूक नसताना ज्याच्या मालमोटारीखाली मूल सापडले अशा चालकाचे उदाहरण घेतले. लोक त्याला समजावतात, समजावलेच पाहिजे. पण तो फार लवकर समजला तर त्याच्याविषयी काहीतरी खटकते. त्याचे दुःख बघ्याच्या दुःखाहून वेगळे असावे, अशी आपली अपेक्षा असते. विल्यम्स यांना या भावनेसाठी नवी संज्ञा बनवावी लागली. मराठीला ती बनवण्याची गरज नव्हती. बघ्याला वाटते ती हळहळ. जाणूनबुजून करणाऱ्याला होतो तो पश्चात्ताप. आणि हातून झालेल्याची लागून राहते ती रुखरुख. रुखरुखीला पुरावा चालत नाही आणि निर्दोष ठरवणारा निकालही तिला पुरत नाही.

आवाजाच्या अपघाताची आपली सर्वांत जुनी कथा दशरथाची. काळोखात घडा भरल्याचा आवाज आला, राजाला तो हत्ती वाटला आणि शब्दवेधी बाण सुटला. वाल्मीकी रामायणात तो आंधळा पिता शाप देतो, पण शाप देताना फरकही करतो: तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती, आणि हे न कळत घडले म्हणून तू जिवंत आहेस. अज्ञानाची आणि कबुलीची अशी नोंद घेऊनही शाप टळत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे कठोर आहे. पण पुत्र तर गेलेलाच होता, आणि त्या कथेतले सत्य असे की हेतूच्या अभावाने हानी कमी होत नाही.

तलकाडही शापासाठीच प्रसिद्ध आहे. 1610 मध्ये राजा वोडेयरने श्रीरंगपट्टण घेतले. विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे दागिन्यांसाठी माणसे धाडली गेली, आणि तिने नदीत उडी घेताना शाप दिला असे सांगतात: तलकाडची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो, म्हैसूरचे राजे निपुत्रिक होवोत. वाळूची दुसरी उपपत्तीही काही अभ्यासकांनी मांडली आहे. चौदाव्या शतकात या परिसरात कावेरीवर बंधारा झाला, प्रवाह बदलला, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर आणून घातली. बंधारा बांधणाऱ्यांना शेतांना पाणी द्यायचे होते; राजधानी बुडवायची नव्हती. ही उपपत्ती बरोबर असेल, तर ते गाव कोणाच्या तरी हातून बुडाले. तरीही लोकांच्या तोंडी राहिला तो शाप. एवढ्या वाळूमागे कोणाची तरी इच्छा असावी असे माणसाला वाटते. सोळा न उचललेल्या कॉलमागे वाटते तसेच.

पण गावाचे नाव शापावरून पडलेले नाही. तल आणि काड हे दोघे किरात भाऊ. जंगलातले हत्ती एका झाडाची पूजा करताना त्यांना दिसले. त्या झाडात काय आहे हे पाहण्यासाठी त्यांनी कुऱ्हाड घातली आणि झाडातून रक्त वाहू लागले. आत शिवलिंग होते. त्याच झाडाचा पाला आणि फळे जखमेवर बांधा, असा आवाज आला; त्यांनी ती बांधली आणि रक्ताचे दूध झाले. स्वतःच्या जखमेवरचा उपाय स्वतःच सांगणारा म्हणून तो देव वैद्येश्वर. कुऱ्हाड मुद्दाम घातलेली होती, घाव मात्र नव्हता. ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे ते भाऊ म्हणाल्याचे कथेत कुठे येत नाही, आणि का मारलीत असे त्यांना कोणी विचारतही नाही. झाडातून आलेला आवाज पाला कुठला आणि तो कुठे बांधायचा, तेवढेच सांगतो.